ब्रायटनचे दोन दिवस

समुद्राशी आम्हां इंदूरकरांचा संबंध तसा पुस्तकापुरताच. समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवरच्या माळव्याच्या पठारावर आमचे गाव वसलेले. भरती-ओहोटी आम्ही भूगोलात शिकतो आणि शिकवतो. संध्याकाळी अन्नपूर्णेच्या देवळापर्यंत फिरून येतो आणि मोकळ्या हवेची हौस तेवढ्यावर भागवतो.

तथापि सुदामा नगरातील आमच्या घरात एक समुद्र फार वर्षांपासून आहे. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी १९०९ साली ज्याला आर्त साद घातली, तो समुद्र. ती कविता माझ्या वडिलांना मुखोद्गत होती. मंगेशकर भावंडांच्या स्वरांत ती आकाशवाणीवर लागली, की ते हातातले काम बाजूला ठेवीत आणि गाणे संपेपर्यंत कोणाशी बोलत नसत. पुढे मी शिक्षक झालो. शाळा हिंदी माध्यमाची. म्हणून आसपासच्या मराठी घरांतील मुलांना रविवारी सकाळी ओसरीवर जमवून मराठी शिकवण्याचा परिपाठ ठेवला. ही कविता शिकवताना दर वर्षी कोणी ना कोणी विचारतेच, "सर, ब्रायटन कुठे आहे?" मग मी नकाशाचे पुस्तक उघडून इंग्लंडच्या दक्षिण कडेवर बोट ठेवतो. गेली तीस वर्षे मी असे बोट ठेवीत आलो. त्या बोटाखाली काय आहे, हे पाहण्याचा योग मात्र गेल्या मे महिन्यात आला.

माझी मुलगी अकरा वर्षांपासून लंडनजवळ राहते. उन्हाळ्याच्या सुटीत आम्ही उभयता तिच्याकडे गेलो होतो. काय काय पाहायचे, असे तिने विचारले तेव्हा मी पहिले नाव ब्रायटनचे घेतले. ती हसून म्हणाली, "बाबा, इथे लोक ब्रायटनला मजा करायला जातात हो!" मी म्हटले, "जाऊ देत. आपणही करू." जावयांना रजा नव्हती, तेव्हा मी, सौ., मुलगी आणि सहा वर्षांची नात असे चौघे व्हिक्टोरिया स्टेशनवरून निघालो. गाडीने तासाभरात ब्रायटन येते. वाटेत नातीची बडबड अखंड चालू होती; मुलगी मात्र काहीशी गप्प होती. तिला मजशी काही बोलायचे आहे, हे मी ओळखले. पण विचारले नाही. मुले स्वतःहून बोलेपर्यंत थांबावे, एवढे शहाणपण मास्तरकीने मला दिले आहे.

स्टेशनातून बाहेर पडले, की एक सरळ उताराचा रस्ता थेट समुद्राकडे नेतो. उताराच्या शेवटी करड्या-हिरव्या पाण्याची एक पट्टी दिसू लागते, ती पावलागणिक रुंदावत जाते, आणि मग एकदम सारे आकाश खाली उतरल्यासारखे होते. मी हरखून पाण्याकडे निघालो आणि चार पावलांत अडखळलो. ब्रायटनच्या किनाऱ्यावर वाळू नाही! जिकडे पाहावे तिकडे गोटेच गोटे. लिंबाएवढे, बटाट्याएवढे, पिंगट, करडे, पांढरे. लाटांनी घासून गुळगुळीत झालेले. पाय टाकावा तो घोट्यापर्यंत रुतावा. लाट आली की गोटे वर ढकलले जातात आणि परतताना खळखळत खाली ओढले जातात. सागराची गाज म्हणून मी जी कल्पना मुलांना सांगत आलो होतो, तीहून हा आवाज निराळा होता. कोणी साखळदंड फरफटत नेत असावे तसा.

या गावाची कथा मोठी गमतीची आहे. ब्राइटहेल्मस्टन नावाचे हे एके काळी कोळ्यांचे खेडे. अठराव्या शतकाच्या मध्यास जवळच्या लुईस गावच्या डॉ. रिचर्ड रसेल यांनी समुद्राच्या पाण्याच्या औषधी गुणांवर ग्रंथ लिहिला. समुद्रात डुंबावे, एवढेच नव्हे तर समुद्राचे पाणी प्यावेसुद्धा, असा त्यांचा उपदेश होता. झाले! लंडनचे धनिक आपली संधिवाताची आणि अजीर्णाची दुखणी घेऊन इकडे लोटले. चाकांच्या लाकडी खोल्यांत बसून ही मंडळी पाण्यापर्यंत जात, खोलीतच कपडे बदलत आणि तिथूनच समुद्रात उतरत. त्यांना धरून बुचकळून काढण्याचा धंदा करणाऱ्या बळकट बायका इथे होत्या. १८४१ साली लंडनहून रेल्वे आली आणि श्रीमंतांचे हे आरोग्यधाम कारकुनांच्या व कामगारांच्या आवाक्यात आले. सुटीच्या एका दिवसासाठी माणसे गाड्या भरभरून येऊ लागली. त्यांच्यासाठी पाण्यात दूरवर शिरणारे, लोखंडी खांबांवर उभारलेले लाकडी धक्के बांधले गेले. त्यांना पिअर म्हणतात. या धक्क्यावर फेरफटका मारायचा, बँड ऐकायचा, खेळ खेळायचे, आणि बोट न लागता समुद्रावर गेल्याचे समाधान घेऊन परतायचे!

आज अशा धक्क्यांपैकी एक गजबजलेला आहे. हा पॅलेस पिअर १८९९ साली खुला झाला. लांबी १७२२ फूट. पाळणे, नाणी टाकून खेळायची यंत्रे, भविष्य सांगणारी टपरी, तळलेल्या पदार्थांचा घमघमाट. आपल्याकडच्या एखाद्या जत्रेला फळ्यांची जमीन दिली तर असेच दिसेल. नातीने साखरेची एक गुलाबी कांडी घेतली. तिच्या आत लाल अक्षरांत गावाचे नाव असते आणि ते कांडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आरपार गेलेले असते; कुठेही चावा घ्या, नाव दिसतेच. आम्ही बटाट्याच्या गरम कापांचा पुडा घेऊन घडीच्या कापडी खुर्च्यांवर बसलो, तोच एका समुद्रपक्ष्याने झडप घालून सौ. च्या हातातला काप पळवला. "मेला इथेही कावळाच की!" असे म्हणून त्यांनी पुडा पदराखाली घेतला, तो संपेपर्यंत बाहेर काढला नाही.

दुसरा धक्का पश्चिमेस आहे. १८६६ साली बांधलेला, १९७५ साली बंद पडलेला आणि २००३ साली आगीत जळालेला. आता पाण्यात नुसता गंजलेला लोखंडी सांगाडा उभा आहे. त्याच्याकडे पाहत उभे राहण्यास कोणी पैसे घेत नाही. म्हणून असेल, मी तिथे बराच वेळ उभा राहिलो.

१९०९ च्या डिसेंबरात सावरकर इथे आले, तेव्हा त्यांचे वय २६ होते. त्या वर्षाने त्यांच्यावर घावांवर घाव घातले होते. वडील बंधू बाबाराव यांना जून महिन्यात जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. १७ ऑगस्टला मदनलाल धिंग्रा फासावर गेले. बॅरिस्टरीची परीक्षा उत्तीर्ण होऊनही सनद नाकारण्यात आली. ज्या 'इंडिया हाऊस'मध्ये मंडळी जमत, तेही राहिले नाही. गुप्त पोलिसांचा पहारा पाठीशी होताच. प्रकृती ढासळली, म्हणून ते इथे विश्रांतीसाठी आले. बिपिनचंद्र पाल यांचे चिरंजीव निरंजन पाल त्यांच्यासोबत किनाऱ्यावर बसले होते. पुढे 'बाँबे टॉकीज'च्या 'अछूत कन्या' या बोलपटाची कथा लिहिणारे निरंजन पाल ते हेच. सावरकर गुणगुणू लागले, डोळ्यांतून अश्रू वाहू लागले, आणि कविता आकारास आली, अशी आठवण त्यांनी लिहून ठेवली आहे.

ही कविता मी कितीदा शिकवली असेन! परंतु ती जिथे झाली ते गाव हवा खाण्याचे, खेळण्याचे, हसण्याचे गाव आहे, हे मला कधी जाणवले नव्हते. ऐन हिवाळा, घोंघावणारा वारा, मिटून ठेवलेल्या खुर्च्या, आणि दुसऱ्यांच्या सुखासाठी बांधलेल्या त्या धक्क्यांजवळ मायदेशापासून तुटलेला एक तरुण! परदु:ख शीतल म्हणतात. इथे मात्र परसुखानेच दु:ख अधिक दाहक झाले असेल काय? मी किनाऱ्यावर पुष्कळ शोधले. त्या प्रसंगाची खूण सांगणारी एकही पाटी मला तरी दिसली नाही. गोट्यांना विचारावे, तर ते लाटेसरशी जागा बदलतात.

नातीने विचारले, "आजोबा, इथे कोण रडलं होतं?" मी तिला तिच्या वयाला झेपेल अशी सारी हकिगत सांगितली. तिने शांतपणे ऐकले आणि म्हणाली, "मग समुद्रानं नेलं का त्यांना घरी?"

तीस वर्षांत हा प्रश्न मला एकाही विद्यार्थ्याने विचारला नव्हता. समुद्राने नेले का? नेले, पण कसे! १९१० च्या मार्चात लंडनला अटक, जुलैत 'मोरिया' बोटीवर कैदी म्हणून रवानगी, ८ जुलैला मार्सेय बंदरात ती विख्यात उडी, पुन्हा पकड, आणि मग मुंबई. मायभूमीचा किनारा दिसला तो पोलिसांच्या पहाऱ्यातून. पुढे दोन जन्मठेपी, आणि १९११ साली आणखी एक समुद्र ओलांडून अंदमान. सागराने मागणे ऐकले, पण शब्दशः ऐकले. त्यामागचे मन ऐकले नाही. हे सहा वर्षांच्या मुलीला कसे सांगावे? मी म्हटले, "नेलं बाळ, पण फार लांबच्या वाटेनं."

संध्याकाळी सौ. गुडघे शेकत खाणावळीतच थांबल्या, नात झोपली, आणि मुलगी व मी पुन्हा किनाऱ्यावर आलो. मग ती बोलली. तिने व जावयांनी इथल्या नागरिकत्वासाठी अर्ज करण्याचे ठरवले होते. "आम्ही आता परत येणार नाही, बाबा. दर वर्षी 'पुढच्या वर्षी' म्हणून तुम्हाला फसवायचं मला जिवावर येतं." थोडे थांबून तिने पुढचेही सांगितले. मी निवृत्त झालो, की सुदामा नगरचे घर विकावे आणि आम्ही दोघांनी तिच्याकडे यावे. ते घर माझ्या वडिलांनी भविष्यनिर्वाह निधीतून बांधलेले. मी काहीच बोललो नाही. लाटा गोटे ओढीत होत्या. ज्या किनाऱ्यावर परतीसाठी टाहो फुटला, तिथेच माझ्या लेकीने न परतण्याचा निश्चय मला सांगावा, हा योगायोग तिच्याही ध्यानात आला असावा, कारण ती हलकेच म्हणाली, "जागा चुकली का हो माझी?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही रॉयल पॅव्हिलियन पाहिला. चौथ्या जॉर्जने युवराजपणापासून या गावाचा ध्यास घेतला होता. त्याच्यासाठी जॉन नॅश या वास्तुविशारदाने १८१५ पासून सात-आठ वर्षे खपून हा महाल उभारला. बाहेरून घुमट, मिनार, जाळ्या, असा मोगली थाट; आत सगळी चिनी सजावट. ज्याने हिंदुस्थान कधी पाहिला नाही, त्याने ऐकीव हिंदुस्थान बांधला तर असाच व्हायचा. याच राजाला चंपी करणारा मनुष्यही हिंदुस्थानचाच होता. पाटण्यात जन्मलेल्या शेख दीन महंमदाने इथे वाफेच्या स्नानाचे व अंगमर्दनाचे दुकान थाटले आणि राजाचा 'शांपूइंग सर्जन' म्हणून मान मिळवला. आपण डोक्याला लावतो त्या शांपूचे नाव 'चांपणे' या क्रियेवरूनच आले आहे. तो १८५१ साली इथेच वारला. तोही परतला नाही.

महालाच्या दालनांत पहिल्या महायुद्धाची चित्रे पाहून मात्र पाय खिळले. झुंबरांखाली खाटांच्या रांगा, आणि त्यांवर पागोटेवाले जवान! फ्रान्सच्या आघाडीवर जखमी झालेल्या हिंदी सैनिकांसाठी १९१४ च्या डिसेंबरापासून १९१६ च्या आरंभापर्यंत इथे इस्पितळ होते. जातिधर्म सांभाळण्यासाठी नऊ स्वयंपाकघरे, हिंदू-मुसलमानांना पाण्याचे निरनिराळे नळ, उर्दू, हिंदी आणि गुरुमुखी पाट्या. खडकीच्या बाँबे सॅपर्सच्या २० व्या व २१ व्या कंपन्यांनी १९१४ च्या ऑक्टोबरात नव्ह शापेल येथे जबर हानी सोसली. त्या पलटणीत शीख व मुसलमानांबरोबर मराठेही असत. त्यांपैकी कोणी या झुंबराखाली पडून सह्याद्रीतले आपले गाव आठवले असेल काय, हा विचार मनातून जाईना.

जे दगावले, त्यांपैकी मुसलमानांना वोकिंग येथे दफन केले. ५३ हिंदू व शीख सैनिकांचे दहन ब्रायटनच्या उत्तरेस, पॅचम गावापलीकडच्या टेकाडावर झाले. तिथे आज 'छत्री' आहे. होय, तिचे नावच तेथे 'छत्री' असे रूढ आहे. आम्हां इंदूरकरांना छत्री म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही. कान्ह-सरस्वतीच्या काठी होळकरांच्या छत्र्या पाहत आम्ही वाढलो. पॅचमपर्यंत बसने जाऊन पुढे गवताळ चढणीवरून चालत जावे लागते. सौ. खालीच थांबल्या. चोहीकडे मेंढ्या चरत होत्या, आणि त्या हिरवळीत आठ खांबांवरचा एक शुभ्र संगमरवरी घुमट एकटाच उभा होता. ई. सी. हेन्रिकेस या तरुण हिंदी वास्तुविशारदाने त्याचा आराखडा केला. १ फेब्रुवारी १९२१ रोजी प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते तो खुला झाला. समोर ग्रॅनाइटच्या तीन मोठ्या शिळा आहेत; चिता रचल्या जात त्या चौथऱ्यांवर त्या बसवल्या आहेत. २०१० साली त्या ५३ जणांची नावे कोरलेला दगडही जवळच उभारला गेला.

त्या सैनिकांच्या अस्थी खाली समुद्रात विसर्जित केल्या गेल्या. याच समुद्रात! ज्याला १९०९ साली एकाने विनवले होते, त्याच्या स्वाधीन पाच-सहा वर्षांनी या ५३ जणांची राख झाली. आपण इंदूरचे लोक अस्थी घेऊन ओंकारेश्वरास किंवा महेश्वरास जातो. नर्मदा त्या भडोचपाशी सागरास नेऊन देते. मग पाणी ते एकच. तेथे उभे असता माझ्या मनात प्रथमच असा विचार आला, की 'परत' या शब्दाचा मी फार सोपा अर्थ मुलांना शिकवला.

आपलेच पाहा ना! आपले पूर्वज अठराव्या शतकात मल्हाररावांच्या मागोमाग माळव्यात आले. कोणी शिलेदार म्हणून, कोणी फडणिशीच्या लेखणीवर, कोणी भिक्षुकीस. त्यांच्या मागे वाई-सातारा-रत्नागिरीकडे कोणी तरी वृद्ध आईबाप उंबऱ्यात वाट पाहत राहिलेच असतील. तेही परतले नाहीत. त्यांच्या न परतण्यातून आपण झालो. आपण कृष्णेऐवजी नर्मदेला आई म्हणू लागलो. १९७८ पासून तर तिचेच पाणी इंदूरच्या नळांना येते. भाकरीबरोबर पोहे-जिलबी आली, मराठीत हिंदीचा हेल आला. तरी गणपती, दिवाळी अंक आणि घरातली भाषा राहिली. आपल्या पूर्वजांना जे आपण कधी अपराध म्हणून लावले नाही, ते माझ्या मुलीला मी कोणत्या तोंडाने लावावे? आणि सक्तीने तुटलेल्याचे दु:ख स्वखुशीने वसलेल्याच्या गळ्यात घालणे, हा त्या कवितेचाही अपमानच नव्हे काय?

टेकडी उतरताना मी मुलीला उत्तर दिले. "अर्ज कर. मनात किंतु ठेवू नकोस. पण घर मी विकणार नाही, आणि आम्ही इकडे राहायला येणार नाही. आमची मुळं आता उपटून लावण्यासारखी राहिली नाहीत. तुला यावंसं वाटेल तेव्हा दार उघडायला कोणी तरी हवं ना?" ती रडली, मी रडलो नाही, असे लिहिले तर ते खरे होणार नाही.

निघण्यापूर्वी नातीने किनाऱ्यावरचा एक पांढरा गोटा माझ्या खिशात घातला. "आजोबा, हा इंदूरला न्या." तेथील गोटे उचलून नेण्यास मनाई आहे. आयुष्यभर मुलांना नियम पाळायला सांगितले. मी तिची समजूत घालून तो परत ठेवायला लावला. तिने तो बेताने ठेवला, आणि पुढच्याच लाटेने कोणता आपला हे ओळखू येईनासे झाले.

सुदामा नगरच्या आमच्या ओसरीवर रविवारचा वर्ग पुन्हा सुरू झाला आहे. त्यात आता एक विद्यार्थिनी वाढली आहे. तिच्याकडे उन्हाळ्यात घड्याळ साडेचार तास मागे असते, म्हणून तिच्यासाठी दुपारी मोबाइल फोन खांबाला टेकवून ठेवतो. परवा तिला ती कविता शिकवायला घेतली. ब्रायटन कुठे आहे, हे न विचारणारी ही माझी पहिलीच विद्यार्थिनी. तिने विचारले, "आजोबा, त्यांचं घर कुठे होतं?" मी म्हटले, "भगूरला. नाशिकजवळ."

"ते कुठे आहे?"

"नकाशाचं पुस्तक आण," मी म्हटले, "आणि आता तू बोट ठेव."